इनमचा आकार नक्की कोण ठरवतं? एकाच हेडर फाइलमधून ८ बाइट आणि १२ बाइट

सुटाबिट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तीन दिवस एकाच जागी अडलोय, म्हणून हा धागा.

आमचं एक छोटं उपकरण आहे, आत ३२ बिटी आर्म मायक्रोकंट्रोलर. ते सिरियल पोर्टवरून नोंदी पाठवतं आणि संगणकावरचा प्रोग्राम त्या वाचतो. नोंदीचा स्ट्रक्ट, म्हणजे कोणती माहिती कुठल्या क्रमाने ठेवायची त्याचा साचा, एकाच हेडर फाइलमध्ये लिहिलाय आणि तीच फाइल दोन्हीकडे वापरतोय. स्ट्रक्टमध्ये क्रमाने चार गोष्टी आहेत: मोड, एक बाइटचा फ्लॅग, दोन बाइटची लांबी आणि चार बाइटची वेळ. यातला मोड हा इनम, म्हणजे ठरावीक किमतींना नावं देणारा प्रकार. बंद, सुरू, थांबलेला, बिघाड, झोप अशा पाचच किमती, ० ते ४.

आता गंमत बघा. उपकरणावर या स्ट्रक्टचं साइझऑफ, म्हणजे बाइटमधला आकार, ८ येतं, संगणकावर १२. दोन्हीकडे जीसीसी कंपायलरच, भाषा सी, आणि कोडमध्ये एका अक्षराचा फरक नाही. सुरुवातीच्या चाचण्यांत मोड बरोबर दिसत होता, म्हणून मी निर्धास्त होतो. काल खरी नोंद आली तेव्हा मोडच्या जागी १०४८८३४ हा आकडा!

इनम म्हणजे इंट (साधा पूर्णांक), असं मी आजवर धरून चाललो होतो. ते चूक असेल तर मग आकार ठरवतं कोण? भाषा, कंपायलर की प्रोसेसर?

टाचणी

इनम म्हणजे इंटच. मी वीसेक वर्षं सी लिहितोय, दुसरं काही पाहिलेलं नाही. पॅडिंगचा, म्हणजे कंपायलर मध्ये सोडतो त्या रिकाम्या बाइटांचा घोळ असेल. स्ट्रक्ट पॅक करून, म्हणजे ते बाइट काढून बघा.

काटेकोर

@टाचणी, नम्रपणे असहमत. सी भाषेत इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते.

पहिली म्हणजे इनमच्या आतली नावे, म्हणजे बंद, सुरू वगैरे. या स्थिरांकांचा प्रकार इंट असतो. दुसरी म्हणजे खुद्द इनम हा प्रकार, ज्याचे आपण चल घोषित करतो. त्याच्याबद्दल १९८९ च्या प्रमाणकापासून एवढेच म्हटले आहे की तो एखाद्या पूर्णांक प्रकाराशी सुसंगत असावा आणि त्यात सगळ्या किमती मावाव्यात. तो पूर्णांक कोणता, हे कंपायलरने ठरवायचे आणि आपल्या दस्तऐवजात नोंदवायचे. म्हणजे पाच किमतींच्या इनमला एक बाइट देणारा कंपायलरही नियमात आहे आणि चार देणाराही.

वीस वर्षांत तुम्हाला फरक दिसला नाही, याचा अर्थ तुमचे सगळे काम चार बाइट देणाऱ्या यंत्रणांवर झाले.

लोहचुंबक

सुटाबिट, एक विचारतो. कालच्या त्या नोंदीत मोड ‘थांबलेला’, फ्लॅग १ आणि लांबी १६ होती का?

सुटाबिट

हो!! तंतोतंत. तुम्हाला कसं कळलं?

लोहचुंबक

तुमच्या आकड्यातच ते लिहिलंय. १०४८८३४ म्हणजे १६ गुणिले ६५५३६, अधिक १ गुणिले २५६, अधिक २. उपकरणाने मोड एका बाइटमध्ये पाठवला, त्याच्यामागे फ्लॅगचा एक बाइट, मग लांबीचे दोन. संगणकाला वाटलं हे चारही बाइट मिळून एकटा मोड आहे. लहान बाइट आधी हा क्रम दोन्हीकडे असल्यामुळे आकडा असा जुळतो. सुरुवातीच्या चाचण्यांत फ्लॅग आणि लांबी शून्य असणार, म्हणून मोड योगायोगाने बरोबर दिसला.

आता ८ आणि १२ चा हिशोब. एक बाइटचा मोड, एकाचा फ्लॅग, दोनची लांबी हे पहिल्या चार बाइटांत गच्च बसतात, पुढे चारची वेळ. झाले ८. मोड चार बाइटचा धरला तर ० ते ३ मोड, ४ वर फ्लॅग, ५ वर रिकामा बाइट, ६ आणि ७ वर लांबी, ८ ते ११ वेळ. झाले १२. यात पॅडिंगचा बाइट एकच, बाकी तीन इनमने खाल्ले. त्यामुळे @टाचणी, पॅक केलं तरी उपकरणावर ८ आणि संगणकावर ११ येतील, जुळणार नाहीत.

आणि ‘कोण ठरवतं’ याचं उत्तर: भाषेने मोकळीक दिली, आणि ती मोकळीक वापरून प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या एबीआयने (कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून ठरवलेल्या नियमांनी) आपापला निर्णय घेतला. आर्मच्या बाबतीत मूळ एबीआयने दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणाऱ्या फर्मवेअरची जीसीसी टूलचेन न सांगता ‘शॉर्ट इनम्स’ चालू ठेवते, म्हणजे मावेल तेवढा लहान आकार. तोच प्रोसेसर लिनक्सखाली असेल तर इनम चार बाइटचा. प्रोसेसर एक, कंपायलर एक, तरी उत्तरं दोन.

टाचणी

मागे घेतो. माझं सगळं काम खरंच डेस्कटॉपवरचं. पॅकचा सल्लाही विसरा. लोहचुंबक, तो आकडा उलगडलात ते वाचून मजा आली.

नवखी

धागा आवडला, वाचनखूण साठवली. कॉलेजात आहे, म्हणून एक बाळबोध प्रश्न विचारते. पाच किमतींना तीन बिट पुरतात. मग कोणी चार बाइट देतंच का? आणि लहान आकार इतका चांगला असेल तर सगळे तोच का देत नाहीत?

जुनाखेळाडू

नवखी, प्रश्न मुळीच बाळबोध नाही. हीच तर या धाग्याची नाडी आहे.

लहान आकाराचा फायदा साठवणुकीत. हजार अवस्थांचा अ‍ॅरे ठेवायचा तर एक बाइटने १००० बाइट, चार बाइटने ४०००. एटीमेगा ३२८ सारख्या आठ बिटी चिपवर सगळी मिळून रॅम २०४८ बाइट. तिथे हा फरक जीवनमरणाचा. (तिथे इंटच दोन बाइटचा असतो, त्यामुळे साधा इनमही दोनचा. ‘इंट म्हणजे चार बाइट’ हेसुद्धा गृहीत धरू नका.)

मोठ्या आकाराचे फायदे चटकन दिसत नाहीत. इंट हा त्या यंत्राचा अंगवळणी पडलेला आकार. सुटा चल रजिस्टरमध्ये राहतो, आणि रजिस्टर ३२ बिटी असेल तर एक बाइटचा इनम ठेवून काही वाचत नाही. उलट कधीकधी वरचे बिट साफ करायची जादा सूचना पडते.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो स्थैर्याचा मुद्दा. समजा तुमच्या लायब्ररीत २५६ किमतींचा इनम आहे, ० ते २५५. लहान आकाराच्या नियमाने एक बाइट. पुढच्या आवृत्तीत कुणी एक नाव वाढवलं. २५६ ही किंमत एका बाइटमध्ये मावत नाही, आकार झाला दोन. तो इनम ज्या ज्या स्ट्रक्टमध्ये बसलाय त्यांची रचना हलली, आणि जुन्या हेडरने कंपाइल केलेला प्रत्येक प्रोग्राम चुकीच्या जागी वाचू लागला. बदल करणाऱ्याने तर यादीच्या शेवटी एक ओळ घातली, एवढंच! चार बाइटच्या नियमात ही भीती जवळजवळ राहत नाही.

पडद्यामागे

जुनाखेळाडूंच्या मुद्द्यात भर. फक्त आकार नाही, चिन्हही हलतं.

जीसीसी नेहमीच्या पद्धतीत असं करतो: इनममध्ये एकही ऋण किंमत नसेल तर बिनचिन्ही इंट, एखादी असेल तर साधा इंट. म्हणजे ‘अज्ञात = उणे एक’ असं नाव नंतर घातलं की सगळा इनम बिनचिन्हीचा चिन्हांकित होतो. उलट बाजूने, ऋण किंमत नसलेल्या इनमचा चल घेऊन शून्याकडे उलटं मोजणारा लूप लिहिला आणि अट ‘मोड शून्याहून मोठा किंवा समान’ अशी ठेवली, तर तो लूप थांबतच नाही. बिनचिन्ही संख्या शून्याखाली जाणार कशी?

शॉर्ट इनम्स चालू असेल तर दोन्ही नियम एकत्र येतात. ० ते २०० ला एक बाइट बिनचिन्ही. त्यात उणे एक घाला. एक बाइटच्या चिन्हांकित प्रकारात १२७ च्या वर जाता येत नाही, म्हणून थेट दोन बाइट चिन्हांकित. एका ऋण नावापायी आकार दुप्पट.

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये प्रकार सांगितला नाही तर इनम सरळ इंट, चिन्हासकट. त्याचा चटका बिटफील्डमध्ये, म्हणजे मोजक्या बिटांच्या चलात, बसतो. चार किमतींचा इनम दोन बिटांत ठेवला की तिथे २ आणि ३ परत वाचताना उणे २ आणि उणे १ होऊन येतात. तोच कोड जीसीसीवर बिनतक्रार चालतो.

गंजलेला

अवांतर: रस्टमध्ये हे सगळं फार सुंदर सोडवलंय. डेटा नसलेल्या इनमला कंपायलर स्वतःहून लहानात लहान आकार देतो, आणि बाहेरच्या जगाशी बोलायचं असेल तर आपण स्पष्ट लिहून द्यायचं, एक बाइट हवा की सी सारखी रचना हवी.

खरी मौज पुढे आहे. बूलियनला एक बाइट लागतो, पण त्याच्या २५६ शक्यतांपैकी ० आणि १ या दोनच वापरात. म्हणून ‘ऑप्शन ऑफ बूल’ला, जिथे ‘काहीच नाही’ ही तिसरी अवस्था असते, तीही त्याच बाइटच्या रिकाम्या शक्यतांत बसते. आकार एकच बाइट. रेफरन्स कधी शून्य नसतो, म्हणून ‘ऑप्शन ऑफ रेफरन्स’चा आकार पॉइंटरएवढाच राहतो. न वापरलेल्या किमतीही जागाच असतात, हे मला त्या भाषेने शिकवलं.

काटेकोर

गंजलेला, अवांतर असले तरी फार छान. मागे वळून पाहायचे तर प्रगणित प्रकार रूढ केले ते विर्थ यांच्या पास्कलने, १९७० मध्ये. त्या कुळात आकाराचा प्रश्न कंपायलरच्या सूचनेने सुटतो. डेल्फीत २५६ पर्यंत किमतींना न सांगता एक बाइट मिळतो आणि किमान आकार वाढवायची सूचना कोडमध्येच लिहिता येते. फ्री पास्कल आपल्या मूळ मोडमध्ये चार बाइट देतो आणि डेल्फी मोडमध्ये एक. १९८३ च्या अडा भाषेने तर प्रत्येक नावाला कोणती संख्या आणि प्रकाराला किती बिट, हे दोन्ही स्वतंत्र कलमांत लिहायची सोय दिली. दिलेल्या बिटांत किमती मावत नसतील तर कंपायलर कोड नाकारतो. बिटांची मागणी करणाऱ्याला ती भाषेतच लिहून देता यावी, हा विचार मला मनापासून पटतो.

जुनाखेळाडू

आता माझीही एक हकीकत. एका प्रकल्पात सेटिंग्जच्या स्ट्रक्टमध्ये मोड होता आणि त्याच्या लगेच पुढे ‘किती वेळा प्रयत्न झाला’ हा एक बाइटचा मोजणीचा चल. वापरकर्त्याने कन्सोलवर मोडचा आकडा टाकला की ती मोजणी शून्य व्हायची. दर वेळी. मोजणीला हात लावणारी एकही ओळ तिथे नव्हती.

मोड वाचायला मी स्कॅनएफ वापरलं होतं, ‘इंट वाच’ म्हणून, आणि इनमचा पत्ता इंटचा पॉइंटर म्हणून कास्ट करून दिला होता. कंपायलरने आधी सावध केलं होतं, पण ती सूचना त्या कास्टने मीच गप्प केली होती. इनम एक बाइटचा, स्कॅनएफ लिहिणार चार. वरचे तीन बाइट शून्य, आणि ते शेजाऱ्यांच्या घरात. डेस्कटॉपवरच्या चाचण्यांत इनम चारचाच असल्याने सगळं हिरवंगार.

तेव्हापासून नियम: आधी इंटमध्ये वाचायचं, किंमत हद्दीत आहे का तपासायचं, मगच इनममध्ये ठेवायचं.

सुटाबिट

सगळ्यांचे आभार, एवढं कुठेच एकत्र मिळालं नव्हतं. लोहचुंबकांचं वाचून मी संगणकाच्या बाजूलाही शॉर्ट इनम्स चालू केलं. दोन्हीकडे ८ आले, नोंदी व्यवस्थित वाचल्या गेल्या. पण आता एक तयार ग्राफिक्स लायब्ररी वापरतो, ती सुरू होतानाच कोसळतेय. हे त्याच्यामुळेच का?

लोहचुंबक

त्याच्यामुळेच असणार. तो पर्याय लगेच काढा.

ती लायब्ररी चार बाइटचे इनम धरून आधीच कंपाइल झालेली आहे. तुमचा प्रोग्राम तिची हेडर फाइल वाचतो, पण एक बाइटचे इनम धरून. तिच्या स्ट्रक्टमध्ये तुम्ही भरलेली माहिती आणि ती शोधतेय ती जागा, यांचा मेळ राहिला नाही. असा पर्याय बदलायचा तर त्या प्रोग्राममध्ये जे जे जोडलं जातं ते सगळं त्याच पर्यायाने कंपाइल झालेलं हवं.

आर्मवर निदान पहारेकरी आहे. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलमध्ये इनमचा आकार कोणत्या पद्धतीने घेतला याची खूण असते, आणि जीएनयूचा लिंकर दोन पद्धती मिसळलेल्या दिसल्या की इशारा देतो. तो इशारा बंद करायचाही पर्याय आहे. कृपा करून तो वापरू नका. बाकी बऱ्याच ठिकाणी हा पहारा नसतो आणि लिंकर निमूटपणे सगळं जोडून देतो.

टाचणी

मग साधा उपाय: इनमच्या शेवटी एक खोटं नाव घालायचं, किंमत २१४७४८३६४७. ३२ बिटी इंटचा हा कमाल आकडा, म्हणजे शॉर्ट इनम्स असलं तरी चार बाइट घ्यावेच लागतात. वल्कन या ग्राफिक्स प्रणालीच्या हेडरमध्ये प्रत्येक इनमला असं शेपूट आहे, आत्ताच उघडून पाहिलं.

पडद्यामागे

शेपूट चालतं, पण मला ते आवडत नाही. एक म्हणजे त्याने आकार फक्त वाढवता येतो, एक बाइट हवा असेल तर उपयोग नाही. दुसरं, स्विचमध्ये सगळ्या केसेस लिहिल्या तरी ‘हे खोटं नाव राहिलं’ म्हणून कंपायलर ओरडतो. मग लोक डिफॉल्ट घालतात, आणि पुढे खरं नाव वाढवल्यावर मिळणारा इशाराही जातो. इनम वापरायचं अर्धं सुख तिथेच संपतं.

त्यापेक्षा स्ट्रक्टमध्ये आठ बिटी बिनचिन्ही पूर्णांक ठेवा आणि इनम फक्त नावांपुरता वापरा.

जुनाखेळाडू

त्यातही तोच तोटा आहे हो! पूर्णांकावर स्विच लिहिला तर राहिलेल्या केसचा इशारा नाहीच, वर डीबगरमध्ये ‘बिघाड’ऐवजी नुसता ३ दिसतो.

आता भाषेनेच दार उघडलंय. सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून इनमच्या नावापुढे कोलन देऊन मूळ प्रकार लिहिता येतो, आणि इनम क्लास असेल तर न लिहिताही तो इंट धरला जातो. सी मध्ये तीच सोय सी२३ प्रमाणकाने आणली, जीसीसीच्या १३ व्या आवृत्तीपासून वापरता येते. ‘इनम मोड, कोलन, आठ बिटी बिनचिन्ही’ एवढं लिहिलं की कंपायलरला निवडायला काही उरतच नाही. नाव आहे, आकार आहे, इशारेही आहेत.

काटेकोर

सहमत, आणि सी प्लस प्लस वाल्यांसाठी दोन गोष्टी.

मूळ प्रकार लिहिला की इनमची नावे न देता त्याची आगाऊ घोषणा करता येते. पूर्वी ती करता येत नसे, कारण नावे पाहिल्याशिवाय आकारच कळत नव्हता.

दुसरी जास्त गंभीर. मूळ प्रकार न लिहिलेल्या साध्या इनमची वैध हद्द त्याच्या नावांवरून ठरते. ० ते ४ किमती असतील तर तीन बिट, म्हणजे ० ते ७. तारेवरून बिघडलेला बाइट आला, ९ समजा, आणि तो तसाच इनममध्ये कास्ट केला, तर सी++१७ पासून ते वर्तन अपरिभाषित आहे, म्हणजे काय होईल याची भाषा हमी देत नाही. मूळ प्रकार आठ बिटी लिहिला असेल तर ० ते २५५ सगळे वैध, मग ९ आला हे तपासून नाकारता येते.

लोहचुंबक

एक पुरवणी. आकार पक्का केला तरी पॅडिंग आणि बाइटांचा क्रम हे प्रश्न आपल्या जागी आहेतच. अख्खा स्ट्रक्ट उचलून तारेवर पाठवायची सवय मला मुळातच पटत नाही. एकेक बाइट हाताने लिहा, हाताने वाचा. दहा ओळी जास्त पडतात, पण कुठल्या बाइटला काय आहे ते कोडमध्ये दिसतं. तोपर्यंत निदान स्टॅटिक अ‍ॅसर्ट तरी घाला. सी११ पासून आहे, आकार जुळला नाही तर कोड कंपाइलच होत नाही.

नवखी

मी घरी करून पाहिलं आणि गोंधळले. शॉर्ट इनम्स चालू केलं. साइझऑफ ‘इनम मोड’ १ आलं, ते कळलं. पण साइझऑफ ‘बंद’ ४ आलं! ‘बंद’ त्याच इनममधलं आहे ना?

काटेकोर

नवखी, वर म्हटलेल्या दोन गोष्टी इथे वेगळ्या झालेल्या दिसतात. ‘बंद’ हा स्थिरांक, सी मध्ये त्याचा प्रकार इंट, म्हणून ४. ‘इनम मोड’ हा प्रकार, तो एका बाइटचा. हीच फाइल सी प्लस प्लस म्हणून कंपाइल करा, त्याच पर्यायासह.

नवखी

केली. दोन्ही १!

काटेकोर

तिथे नावांचा प्रकार खुद्द तो इनमच असतो. आता सी२३ मध्ये मूळ प्रकार लिहून पाहा. तिथेही दोन्ही १ येतील.

सुटाबिट

शॉर्ट इनम्स काढून टाकलं, ग्राफिक्स लायब्ररी पूर्ववत चालू. मोडला आठ बिटी मूळ प्रकार लिहिला आणि दोन्हीकडे ८ आले.

मग लोहचुंबकांचं ऐकून हेडरमधल्या सगळ्या स्ट्रक्टना स्टॅटिक अ‍ॅसर्ट लावले. संगणकाच्या बाजूला आणखी एक फुटला, सेटिंग्जच्या नोंदीचा. त्यात दोन इनम, आणि ती नोंद आम्ही अजून कधी पाठवलेलीच नव्हती, पुढच्या महिन्यात पाठवणार होतो. आज रात्री बसून दोन्ही नोंदी हाताने बाइट लिहिणाऱ्या फंक्शनवर नेतोय. झालं की कोड इथे टाकतो, तपासून द्या.

लोहचुंबक

टाका, वाट बघतो. वाचणाऱ्या बाजूला मोडची हद्द तपासायला विसरू नका. आणि चाचणीच्या नोंदीत यावेळी फ्लॅग आणि लांबी शून्य ठेवू नका.